पाण्यातला अंतरपाट

लग्नात फोटोग्राफरने गप्प राहावं हे मी तिशीत शिकले, आणि शिकले याचा मला फार माज होता. त्याआधी बोईसरच्या एका स्टुडिओत सात वर्षं मी नुसती ओरडत होते. ताई, हनुवटी खाली. दादा, हार परत घाला, डोळे मिटले. मग स्वतःचं काम सुरू केलं आणि ठरवलं, आता जे घडेल तेच टिपायचं. कुणाला हसा म्हणायचं नाही, थांबा म्हणायचं नाही. 'तुमच्या लग्नात माझा आवाज ऐकू येणार नाही,' असं चक्क कार्डावर छापून घेतलं होतं.

ते वाचूनच ती मुलगी माझ्याकडे आली. वडील केमिकल कारखान्यात प्लांट ऑपरेटर म्हणून राबून निवृत्त झालेले, राहायला सरावलीला, मूळ गाव साताऱ्याकडचं. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. तिला हॉल नको होता, डीजे नको होता. चाळीस माणसं घेऊन ती बेटावर लग्न करणार होती. बेटाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की उद्या कुणीतरी तिथं रिसॉर्ट बांधायला निघेल. खाडीच्या तोंडाशी ते आहे. सुरूची झाडं, कोळ्यांची दहा-बारा घरं, आणि त्यातल्या एका घरामागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. एरवी होडीने जायचं. पाणी पार ओसरलं की मधली वाळू उघडी पडते, तेव्हा लोक चालतच ये-जा करतात.

"बाबांचे फोटो जास्त काढा," एवढंच ती म्हणाली. "कॅमेरा दिसला की ते ताठ होतात. त्यांना कळू देऊ नका."

आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे बेटावर पोचलो. मुहूर्त सकाळी नऊ चाळीसचा होता. साडेसातला नवरीची मावशी ओरडली, "अंतरपाट कुठाय?" तो नवरीच्या आईबाबांच्या लग्नातला, आईने ट्रंकेत जपलेला, आणि राहिला होता पलीकडच्या किनाऱ्यावर, गाडीच्या डिकीत. साधं धोतर चालेल, असं भटजी म्हणाले. पण बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, चपला हातात घेतल्या आणि उघड्या वाळूवरून चालू लागले. टोपल्या घेतलेल्या कोळणी त्याच वाटेने निघाल्या होत्या. जाऊन यायला पाऊण तास पुरला असता, म्हणून मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण गाडीचा ड्रायव्हर किल्ली घेऊन चहाला गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

साडेआठ वाजले तरी बाबा दिसेनात. फोनला रेंज नव्हती. नवरी मेंदीच्या हाताने सारखा पदर ओढत होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "आले का?" मी लांब पल्ल्याची लेन्स लावली आणि बेटाच्या टोकावरच्या खडकावर जाऊन उभी राहिले. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे उधाणाचं पाणी. माझं लहानपण याच किनाऱ्यावरच्या चिकूच्या वाडीत गेलं, त्यामुळे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. इथं पाणी समोरून धावून येत नाही. ते आधी दोन्ही बाजूंनी वळसा घालतं आणि मधली वाळू कोरडी ठेवतं. परका माणूस त्या कोरड्या वाळूवरून निवांत चालत राहतो. मागे वळून बघतो, तेव्हा आलेली वाटही गेलेली असते.

पावणेनऊच्या सुमाराला ते लेन्समध्ये आले. मधल्या वाळूच्या टोकाला उभे होते. त्यांच्या आणि बेटाच्या मध्ये वीसेक पावलांचा पाण्याचा पट्टा होता, दिसायला घोटाभर. तो घोटाभर नव्हता. पाण्याचा रंग मातकट झाला होता आणि ते आत ओढलं जात होतं. त्याखाली गाळ असतो, पाय रुततो.

शिंतोड्यांनी अंतरपाट भिजू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि वाऱ्याने तो उलगडला. कोवळं ऊन कापडातून आरपार येत होतं. दोन्हीकडे पाणी आणि मध्ये एकटा माणूस. इतक्या वर्षांत असा फोटो माझ्यासमोर कधी आला नव्हता.

मी क्लिक केलं. फ्रेम जरा डावीकडे घेऊन पुन्हा केलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिसऱ्यांदा केलं. मग ओरडले.

"काका, थांबा! पुढे येऊ नका!"

वाऱ्याने माझा आवाज मागेच नेला. ते पाण्यात उतरले होते. दुसऱ्या पावलाला कमरेपर्यंत गेले. माझ्या मागून खोल्यांची मालकीण धावत आली.

"अगो बाय, पानी फिरलाय! तुला दिसत नाय का?" असं मला म्हणत ती तशीच पुढे गेली आणि नवऱ्याच्या नावाने ओरडत होडीला भिडली.

पहिल्या खेपेला होडी ओढीने पुढे निघून गेली. पाणी त्यांच्या छातीला लागलं, मग गळ्याला. पाय रुतले होते, हलता येत नव्हतं, आणि हात अजून वरच होते. दुसऱ्या खेपेला त्या नवरा-बायकोने त्यांना काखेत धरून आत ओढलं. माझा कॅमेरा गळ्यात लटकत होता. त्यानंतरचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

मुहूर्त गाठला. अंतरपाट शेवटी भिजलाच, मंगलाष्टकं चालू असताना त्याच्या काठावरून पाणी टपकत होतं आणि सगळे हसत होते. मला कुणी काही विचारलं नाही. घरी येऊन मी कॉम्प्युटरवर फोटोंच्या वेळा पाहिल्या. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोत अकरा सेकंद होते. मला स्वतःची किळस आली.

नवरीने नेमका तिसरा फोटो मोठा करून मागितला. "बाबा कॅमेऱ्यात बघून असे मोकळे कधीच हसले नव्हते," ती म्हणाली.

महिन्याभराने ती माहेरी आली, तेव्हा मी फ्रेम घेऊन सरावलीला गेले. ती आत चहा करत होती. बाबांनी खिळा ठोकला आणि फोटो बघत राहिले.

"पाणी बघून मी थबकलो होतो," ते म्हणाले. "तिथंच थांबून होडीला हाक मारणार होतो. मग तू दिसलीस. निवांत फोटो काढत होतीस. आमच्या प्लांटमध्ये गेजवर नजर ठेवणारा माणूस गप्प असला, की बाकीचे काम चालू ठेवायचे. म्हटलं, ही इथली पोर. धोका असता तर ओरडली असती."

मला गप्प बसता आलं असतं. तेवढी सवय होती.

"काका, मला दिसलं होतं. मी आधी फोटो काढले."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "किती वेळ?"

"अकरा सेकंद."

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. सेकंदकाट्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. मीही मोजत होते. आत कपबश्यांचा आवाज येत होता.

"एवढ्यात व्हॉल्व्ह बंद करून माणूस बाहेर निघतो," ते म्हणाले.

मग त्यांनी फ्रेम उचलली, खिळ्यावर टांगली आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "सरळ आहे का बघ. वाकडी असेल तर लगेच सांग."