अर्जुनाची खुर्ची

कन्हानचा पूर ओसरला की मी सायकल काढून कामठीच्या पुढे नदीवर जायचो आणि वाळूत रुतलेली लाकडं शोधायचो. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. पाण्यानं घासलेल्या त्या मुळ्या-फांद्यांचे मी दिव्यांचे स्टँड, टीपॉय, आरशाच्या चौकटी करायचो. लोक यायचे, हात फिरवायचे आणि म्हणायचे, "लाकूड तर फुकटचंच हाय ना?" असल्यांना मी पाणीसुद्धा विचारत नसे.

एका वर्षी अर्जुनाच्या झाडाचं अख्खं मूळ सापडलं. त्याच्या दोन जाड मुळ्या खुर्चीच्या हातांसारख्या पुढे आल्या होत्या. बाबा तेव्हा गिरणीतून निवृत्त झाले होते. त्यांनी ओळखीतून बैलगाडी आणली आणि आम्ही दोघांनी ते धूड घरी आणलं. मागच्या छपरीत, सावलीत, ते तीन वर्षं वाळवलं. घाई केली तर आमचा उन्हाळा असलं लाकूड उभं फाडतो. मग वर्षभर पटाशीनं बैठक कोरली. मुंबईच्या प्रदर्शनात ही खुर्ची लागली तर मी कलाकार, नाहीतर कुठंतरी कारकून, असं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. जवसाचं तेल पाजायचं तेवढं राहिलं होतं, आणि भाद्रपदात बाबा गेले.

आमच्याकडे मयत झाली की घरच्यांनी कशाला हात लावायचा नसतो. सगळं मोहल्ला बघतो. मी आईजवळ बसून होतो. बाहेर चार दिवसांची झड लागलेली. लाकडं ठेल्यावर पुढे पाठवली, असं कुणीतरी येऊन सांगितलं. मी मान हलवली.

घाटावर सरण रचून तयार होतं. शेजारचे काका कानाशी येऊन म्हणाले, "इथलं लाकूड पुरं ओलं हाय गा. तुह्या छपरीत कोरडं पडून होतं, तेच आणलं. तू चिंता नको करू." भिजत, धापा टाकत त्यांनीच तो ठेला ओढला होता.

बाबांच्या पायाशी, गोवऱ्यांच्या खालून, खुर्चीचा एक हात बाहेर आलेला दिसला. बापाच्या सरणातून लाकूड काढा, हे कोणत्या तोंडानं म्हणणार? मी अग्नी दिला. तीन वर्षं वाळलेलं ते, लगेच धरलं. मग मात्र राहवलं नाही. मी झेपावलो आणि तो हात पकडून ओढू लागलो. त्या क्षणी बाबा माझ्या मनातही नव्हते.

चौघांनी मला मागे खेचलं. "काहून जाळून घेतं गा सोताले? जाऊ दे आता त्याईले," काका रडत होते.

पुढे मी एका कचेरीत कारकून झालो. पटाशी पुन्हा धरली नाही, ती भाजलेल्या हातामुळे, असं सगळे धरून चालले. आई असेपर्यंत घरी कुणी आलं की ती माझा तळवा उघडून दाखवायची. "बापासाठी जळत्या सरणात हात घातला माह्या पोरानं," म्हणायची आणि डोळे पुसायची. मी हात मागे घेत नसे.