दिवेलागणीच्या आत

शिवणवाल्या ताईंचे पाय लहानपणीच गेले, पण जीभ कात्रीसारखी चाले. चाकाच्या खुर्चीत बसून, हाताच्या मशीनवर त्या झबल्यापासून कोटापर्यंत काहीही शिवत. त्यांना उठवायला आणि निजवायला एका संस्थेची मदतनीस येई. निजवायची मात्र दिवेलागणीच्या आत, कारण तिची पाळी तेव्हा संपे. गिऱ्हाइकं कामावरून सुटून येत, बंद दार बघून माघारी जात, आणि ताई आत टक्क डोळ्यांनी पडून राहत. असं आणखी वर्षभर चाललं असतं, तर मशीन विकावंच लागलं असतं.

संस्था बदलायची म्हटल्यावर दादांच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या कपाळाला आठ्या पडल्या. चालू संस्थेचा मालक त्यांचा मित्र. आगीतून फुफाट्यात कशाला, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या संस्थेला बोलावणं धाडलं.

तिथल्या बाई गोड बोलल्या, आजच ठरवून टाकू म्हणाल्या. पण कच्चा टाका घालून, अंगावर चढवून बघितल्याशिवाय ताईंच्या हातून कुठलाच कपडा पक्का होत नसे.

"आधी एक संध्याकाळ कच्चा टाका," त्या म्हणाल्या. "उशिरा येऊन मला उचलून दाखवा. काख ओढली गेली, तर उसवीन."

नवी मदतनीस आली आणि वाकून तिनं आधी विचारलं, कुठं धरू? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ताई नुसत्या "कमरेला" म्हणाल्या.

नवी माणसं सोमवारपासून येणार होती. जुन्या मालकाला कुणकुण लागली आणि रुसून त्यानं लगेच माणूस बंद केला. तेलही गेलं, तूपही गेलं, असं पुटपुटत दादांनी सोमवारपर्यंत उचलायचं काम अंगावर घेतलं.

अंधार पडल्यावर ते पोचले, तर मशीन खडखडत होतं आणि खोलीत गिऱ्हाइकांची दाटी. ताई एकाची बाही शिवत दुसऱ्याची थट्टा करत होत्या. बहीण अशी खळखळून हसते, हे दादांना ठाऊकच नव्हतं. ते यायचे, तेव्हा ती निजवलेली असे.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालक विरघळला होता. उद्यापासून मुलगी पाठवतो, वेळेत निजवून जाईल, म्हणाला. ताईंचा हात थांबला.

"नको पाठवूस," दादा म्हणाले. "ती एवढ्यात निजत नाही."

आणि गिऱ्हाइकांच्या मागे स्टूल ओढून ते तिचं काम संपायची वाट बघत बसले.