माणसं गेली की बंद पडणारा बॉयलर

“तुमची माणसं असली की चालतो, गेली की दहा मिनिटांत बंद. त्याला सोबत लागते का?” निखिलने मला दारातच विचारलं.

दुबईजवळच्या अजमानमधल्या त्याच्या भाड्याच्या व्हिलात आमच्या मेंटेनन्स कंपनीचा मी त्या आठवड्यातला चौथा माणूस. इकडे घरोघरी विजेचे गीझर असतात. या घराच्या मालकाने मात्र हौसेने गॅसचा बॉयलर बसवलेला. आत गॅस जळतो, पाणी तापतं, जळका वायू धुरांड्यातून बाहेर जातो. घरात बारा दिवसांचं बाळ, बाळंतीण, आणि बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या निखिलच्या सासूबाई. पातेल्यांनी पाणी तापवून त्या मेटाकुटीला आल्या होत्या.

माझ्याआधी पहिल्याने रीसेट दाबलं. दुसऱ्याने सर्किट बोर्ड बदलला. तिसऱ्याने काय केलं ते त्यालाही सांगता येईना. तिघांच्याही समोर बॉयलर छान चालला, तिघांनीही सही घेऊन टिकट क्लोज केलं. आमच्या ॲपमध्ये तक्रार किती मिनिटांत मिटवली याचा रकाना आहे. पाणी तापलं का, याचा नाही.

माझ्यासमोरही तो अर्धा तास ऐटीत चालला. तेवढ्यात आमचे मॅनेजर जोसेफसाहेबांचा फोन आला.

“चल रहा है ना? यल्ला, जल्दी टिकट क्लोज करो.”

“सर, मैं निकला तो फिर बंद होगा.”

“तो सेन्सर बायपास करो. खलास.”

जळका वायू उलटा खोलीत यायला लागला, की हा सेन्सर गॅस बंद करतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. त्यात झोपलेला माणूस उठतच नाही. आणि बाळाची खोली भिंतीपलीकडे होती. मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

“सर, ईमेल पे लिख के भेजिए, अभी करता हूँ.”

ईमेल काही आला नाही.

मग मी बॉयलरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर घड्याळ बघत उभा राहिलो. अकराव्या मिनिटाला बॉयलर बंद. आम्ही सगळे हवा यावी म्हणून दार उघडं टाकून काम करत होतो; आम्ही गेलो की घरचे ते लावत होते. दार उघडून थोडा वेळ हवा खेळू दिली आणि आत गेलो. हवा आत येण्यासाठी भिंतीत दोन जाळ्या असतात. त्या कपाटामागे सापडल्या. दोन्हींत जुनं लुगडं कोंबलेलं, वर रुंद टेप.

“हे कोणी केलं?”

“मी,” सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. “इथून केवढं गार वारं यायचं. बाळंतिणीला बाधतं.”

निखिल चार दिवस आमच्या कंपनीला इंटरनेटवरच्या बॉयलरदुरुस्तीच्या लिंका पाठवत होता. तो हळूच म्हणाला, “टेप मी आणून दिली.”

मी सासूबाईंना नीट समजावलं. बॉयलरला हवा मिळाली नाही, तर तो जळका वायू घरातच साठतो. सेन्सर होता म्हणून बाळ वाचलं. त्यांनी लगेच स्वतःच्या नखांनी टेप ओरबाडून काढली.

काढता काढता म्हणाल्या, “मी अडाणी, माझं सोडा. पण तुमची तीन शिकलेली माणसं येऊन गेली. एकालाही दार लावून बघावंसं वाटलं नाही?”

मी हत्यारं बॅगेत भरत राहिलो.

दुपारी बाळ-बाळंतिणीचं न्हाणं झालं. जोसेफसाहेबांनी रिपोर्टात लिहिलं, ‘सेन्सर फॉल्ट, रिझॉल्व्ड.’ मी मात्र तेव्हापासून पाना काढायच्या आधी विचारतो, घरी पाहुणं कोण आलंय?