मुलुंडचा वेगळा गणपती

बॅग एसटीच्या टपावर चढली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "वर्षभर खंयव ऱ्हव, गणपतीक मात्र घराक ये." मी हो म्हटलं. विशीतल्या माणसाला हो म्हणायला काय जातं!

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हाला वाटलं मी मुंबईला गेलो. मुंबई मला फारशी दिसलीच नाही. महापालिकेत कारकून झालो आणि नेमणूक मिळाली मुलुंडच्या जकात नाक्यावर. शहराची हद्द तिथे संपायची, पलीकडे ठाणं. मुंबईत शिरणारा प्रत्येक ट्रक थांबवायचा, मालाचे कागद बघायचे, जकातीची पावती फाडायची. ऐंशीच्या दशकातली सगळी दहा वर्षं डिझेलचा धूर खात त्या वेशीवर गेली. गावात आई सांगायची, पोरगा मोठा साहेब झाला. साहेबाचा शर्ट दुपारपर्यंत काळा व्हायचा.

गणपतीच्या आधी नारळ, साखर, मखराचं सामान यांच्या गाड्यांची रांग लागायची, आणि नेमकी तेव्हाच रजा हवी असायची. नाक्यावरचे अर्धे कारकून कोकणातले. सगळ्यांना सोडलं तर पावत्या फाडणार कोण? मग हेडक्लार्क चिठ्ठ्या टाकायचे. माझी चिठ्ठी निघायची नाहीच. "वाट लागली रे, यंदा पण आपणच," असं म्हणत माझ्यासारखाच कमनशिबी सावंत चहा सांगायचा. कोकणात निघालेल्या जादा एसट्या समोरून ठाण्याकडे जायच्या आणि खिडकीतून कोणीतरी ओळखीचं हात करायचं. मला तो हात नकोसा व्हायचा.

बायको एकदा वैतागून म्हणाली, "पोरांनी दरवर्षी शेजाऱ्यांच्याच आरतीला जायचं का? आपण इथेच आणू ना गणपती." तिचं चुकलं नव्हतं. पण आमच्याकडे एका घराचा गणपती एकच. धाकट्याने वेगळा आणला की तो वेगळा झाला. मी गावी विचारलं तेव्हा दादाने तोंडावरच सांगितलं, "वेगळो गणपती म्हणजे वेगळी चूल. तुका वेगळा व्हवचा आसा काय?" मला अजिबात व्हायचं नव्हतं. मी आणखी काही वर्षं चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला.

शेवटी आईनेच सोडवलं. औषधपाण्यासाठी ती मुलुंडला आली, माझी कामाची पाळी, माझा खोकला, पोरांची हौस सगळं बघितलं आणि म्हणाली, "तू गणपती हंयच हाड. देव काय रागावाचो नाय." तिने गावी जाऊन सांगितल्यावर दादानेही मान डोलावली. त्या वर्षी ड्युटीवरून येऊन, अंगावरचा धूर धुऊन मी आमच्या दीड खोलीत मूर्ती बसवली. पोरं नाचली. मला मात्र जेवण गेलं नाही.

पुढच्या शिमग्याला रजा मिळाली. देवळासमोर दादा सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. पूर्वी तो आईचं, वहिनीचं, पोरांचं नाव घेऊन पुढे म्हणायचा, "मुंबयक असलेल्या आमच्या धाकट्याक सांभाळ." यंदा घरातली माणसं झाली, गुरंढोरं झाली, शेजारीपाजारी झाले. मग तो म्हणाला, "आणि त्या मुलुंडच्या घराकय सुखी ठेव, महाराजा!"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. देवापुढे जे खरं तेच त्याने सांगितलं. सगळे ओरडले, "व्हय महाराजा!" आणि त्यांच्याबरोबर मीही म्हणालो.