पाच वाजताची मेणबत्ती

हेल्वीआजी गेली तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये तिच्याचसाठी मेणबत्त्या शोधत उभी होते. नोव्हेंबर संपत आला की वेलिंग्टनजवळच्या आमच्या अप्पर हटमधली दुकानं ख्रिसमसच्या मालाने ओसंडायला लागतात, पण तिला हवी असायची ती जाडी, बुटकी, बिनवासाची पांढरी मेणबत्ती मिळता मिळत नाही. सगळ्यांना मेला व्हॅनिलाचा नाहीतर दालचिनीचा वास. शेवटी अगदी खालच्या फळीवर एक पाकीट सापडलं आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा, समीरचा, हॉस्पिटलमधून फोन आला. "कुठे आहेस?" "आजीच्या मेणबत्त्या घेतेय." तो म्हणाला, "राहू दे आता..." कळायचं ते कळलं. तरी मी ते पाकीट बास्केटमध्ये टाकलं, रांगेत उभी राहिले, विकत घेतलं आणि मग गाडीत बसून रडले.

हेल्वीआजी आमची शेजारीण. ऐंशी ओलांडलेली, मूळची फिनलंडच्या पार उत्तरेकडची. नवरा ताउनो तरुणपणी इथल्या एका कागद कारखान्यात नोकरीला आला, त्याच्याबरोबर ती आली. मूलबाळ झालं नाही, ताउनो आम्ही यायच्या आधीच गेलेला. आम्ही पुण्याहून आलो ते भर जुलैत, इथल्या कडाक्याच्या थंडीत. घरातल्या घरात स्वेटरवर जॅकेट चढवून बसलेलो आम्हाला बघून ती म्हणाली, "लाजू नका. मी बर्फातून शाळेत गेलेली बाई, पण या देशात घरात बसून जेवढी कुडकुडले, तेवढी तिकडे बाहेरसुद्धा कधी कुडकुडले नाही." दुसऱ्या दिवशी तिने विणलेले लोकरीचे मोजे आणून दिले, दोघांचे दोन जोड. नुसतं हेल्वी म्हणा असा तिचा आग्रह होता, पण आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी मागे आजी जोडलं, तिनेही ते मान्य करून टाकलं. बोलणं सगळं इंग्रजीत, पण का कोण जाणे, मला ते मराठीतच आठवतं.

तिचा ख्रिसमस चोवीस तारखेचा. गल्लीत सगळे शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, कुठे बार्बेक्यू पेटलेला, पोरं पोहायचे टॉग्ज घालून पाइपाखाली भिजतायत आणि आमची आजी पडदे ओढून घेऊन शेगडीवर तांदळाची लापशी ढवळत बसलेली. आम्ही तिला खीरच म्हणायचो. त्यात एकच बदाम घातलेला असे, ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं जायचं. तो दर वर्षी आमच्या लेकीच्या, ईराच्याच वाटीत कसा यायचा, हे ईरा सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी घामाघूम होऊन म्हणायचे, "आजी, निदान खिडकी तरी उघडू या." तर ती म्हणे, "अंधार नाही तर ख्रिसमस कसला?" मला हसू यायचं, पण मनात कुठेतरी पटायचंही. आमची दिवाळी तरी इथे कुठे अंधारात असते? रात्रीचे आठ वाजले तरी बाहेर लख्ख, आकाशकंदील लावलाय हे आपलं आपल्यालाच सांगत बसायचं.

पण तिचा खरा ख्रिसमस त्या लापशीत नव्हता, तो दफनभूमीत होता. तिच्या गावी त्या दिवशी दुपारीच अंधार पडायचा आणि सगळं गाव मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जायचं. बर्फात शेकडो ज्योती... "एखाद्या कबरीवर दिवा नसला तर ती लांबून काळी दिसते," ती एकदा म्हणाली. "लहानपणी मला त्या काळ्या जागांची फार भीती वाटायची. म्हणजे याचं कुणीच उरलं नाही, असं." ताउनोची कबर तिने एकाही वर्षी काळी ठेवली नाही. गाडी चालवणं सुटल्यावर मी तिला घेऊन जाऊ लागले. माहेरहून आणलेला लोखंडी काचेचा कंदील मांडीवर धरून ती बसायची. पहिल्या वर्षी मी विचारलं, "अंधार पडल्यावर गेलं तर?" ती म्हणाली, "तोवर फाटक बंद होतं. आणि ताउनोला पाच वाजताची सवय आहे."

पाच वाजता इथे डिसेंबरचं ऊन डोळ्यांत घुसतं. त्या वर्षी तिने मेणबत्ती लावून कंदिलात ठेवली, पण ज्योत दिसेचना. वेलिंग्टनच्या बाजूचा तो आडदांड वारा सुटलेला, पेटलीय की विझलीय तेही कळेना. म्हणून आजीने झाकण उघडून वर तळहात धरला. ईरा तेव्हा चार-पाच वर्षांची. तिने ते पाहिलं, पुढे झाली, दोन्ही हात कंदिलावर धरले आणि डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवले. घरी आरती घेते तसे, अगदी साग्रसंगीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (संध्याकाळी फोनवर हे सांगितलं तर कोथरूडहून आईचा आवाज चढला, "स्मशानातल्या दिव्याची आरती घेतात का गं कुणी? आधी आंघोळ घाल तिला!") मी माफी मागायला लागले, तर आजी म्हणाली, "थांब. काय केलं तिने?" मी जमेल तसं समजावलं, की आम्ही दिव्याची ऊब हातावर घेतो आणि डोळ्यांना लावतो. आजीने आपले सुरकुतलेले हात पुन्हा ज्योतीवर धरले आणि चेहऱ्यावर ठेवले. तशीच उभी राहिली. "मी इतकी वर्षं ती दिसत नाही म्हणून चिडत होते," ती म्हणाली. निघताना तिने दगडावर थाप मारून तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. काय म्हणालात, असं विचारल्यावर म्हणाली, "दिवा लागलाय म्हणून सांगितलं. एवढ्या उजेडात त्याला कसं कळणार?"

त्यानंतर दर वर्षी हेच. मेणबत्ती लावायची, हात धरायचा, डोळ्यांना लावायचा आणि ताउनोला सांगायचं. गेल्या ख्रिसमसला तिला चालवत नव्हतं, घडीच्या खुर्चीवर बसूनच तिने सगळं केलं. परतताना गाडीत म्हणाली, "माझ्यासाठी हे करायचं नाही हं. भर उन्हाळा, सुट्ट्या. तुम्ही बीचवर जा." मग हसली. "एक बरं आहे, इथल्या उजेडात काळी जागा कुणाला दिसणार?" मी स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिच्या हातावर ठेवला.

या वर्षी आम्ही खरंच बीचवर जाणार होतो, घर ठरवलं होतं. समीरने मला न विचारता फोन करून एक दिवस पुढे ढकललं. चोवीसला पाच वाजता आम्ही तिघं गेलो. ताउनोशेजारची माती अजून खाली बसलेली नाही, वर गवत नाही, नावही अजून कोरायचं आहे. दोघांच्या मधोमध तो लोखंडी कंदील ठेवला आणि त्या पाकिटातली मेणबत्ती लावली. वारा होताच.

ईरा आता बारा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. देवासमोर हात जोडतानासुद्धा हल्ली आधी आजूबाजूला बघते. पलीकडे एक कुटुंब फुलं ठेवत होतं, त्यांच्याकडे तिने एकदा पाहिलं. "इज इट इव्हन ऑन?" ती म्हणाली. मला ऊन आणि डोळ्यांतलं पाणी यांत काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, "बघ ना तूच."

तिने जँडल्स काढून बाजूला ठेवल्या. झाकण उघडून दोन्ही हात वर धरले, डोळ्यांना लावले, आणि मग खाली वाकून त्या ओल्या मातीवर हलकेच थाप मारली.

"इट्स ऑन, आजी."