दाजी आणि घुमणारी खोकी

ड्रायव्हरनं हॉर्न दिला होता, असं त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकानं मला सांगितलं. पिरंगुटच्या कारखान्यातून सुटून दाजी रस्त्याच्या कडेनं एसटीच्या थांब्याकडे चालले होते. मागून ट्रक आला, हॉर्न वाजला, दाजी बाजूला झाले नाहीत. मी तेव्हा पौडला तहसील कचेरीत माझ्या टेबलावर. दाजींच्या शेजारचा माणूस धापा टाकत आला आणि उभ्यानंच म्हणाला, ‘तुमचं दाजी गेलं.’ मी म्हणालो, ‘उद्या या.’ टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला मी वर्षानुवर्षं हेच म्हणत आलोय, ते तोंडातून निघून गेलं. बिचारा गोंधळून मागं वळलासुद्धा, शिपायानं त्याला थांबवलं. मी पेनाला टोपण लावलं, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघालो. रडू आलं नाही. महिना उलटून गेला, अजून आलेलं नाही… मीही आता त्याची वाट बघत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर कामाला. अक्का आमच्या गावच्या बुद्धविहारात गाणी म्हणायची. तिचा आवाज बारीक, पाण्यावरून आल्यासारखा. विहारात होता एक कर्णा, आणि त्यातून तोच आवाज भंगारवाल्याच्या आरोळीसारखा बाहेर पडायचा. दाजींना ते सोसायचं नाही. ‘बायकू गाती का डबं-बाटल्या गोळा करती, कळंना,’ असं सगळ्यांसमोर म्हणायचे आणि अक्काकडून बोलणी खायचे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात दाजी सुट्टीच्या दिवशी मुळशीला, धरणाकाठच्या एका बंगल्यावर पत्रे बसवायला गेले होते. तिथल्या अडगळीत त्यांना दोन लाकडी खोकी दिसली. जुने विलायती स्पीकर, अँप्लिफायर त्यांच्या पोटातच. विजेला जोडून माइक लावला की झालं. फक्त लावल्याबरोबर घुमायचे, घूंऽऽ असे, म्हणून टाकून दिलेले. मालक म्हणाला, न्या. दाजींनी ते एसटीच्या टपावर चढवले. कंडक्टरनं विचारलं, ‘यात कोण हाय?’ दाजी म्हणाले, ‘मंडळी हायेत, पण बोलत न्हाईत आजून.’

ती बोलती करायचं काम दाजींनी माझ्यावर सोपवलं. कारण मी पोस्टानं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता. अर्धा. मी उघडलेले रेडिओ पुन्हा बंद झाले नाहीत, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. दाजी तेवढे माझ्यावर विश्वास टाकून होते. बुद्धपौर्णिमेला अक्काचं गाणं या खोक्यांतूनच व्हायचं आणि आवाजाखाली दुसरं काही ऐकू यायचं नाही, ही त्यांची अट.

विहाराच्या फरशीवर आम्ही बसकण मारली. कोर्समधला पहिला धडा मला पाठ होता: आवाजाचं बटण पूर्ण खाली करायचं. घूं गेली तर ती बाहेरून, वायरीतून येते. राहिली तर दोष पोटात. दाजींनी ते लगेच आपल्या भाषेत घेतलं, ‘म्हंजी चोर घरातला का भायेरचा, त्येवडं बघायचं.’ एका खोक्यात चोर घरातला निघाला. आतला मोठा कंडेन्सर फुगून त्याची टोपी वर आली होती. पुण्याहून नवा आणून बसवला, निम्मी घूं गेली. उरलेली मात्र दोन्ही खोकी एकत्र लावली की परत यायची. मी वायरी बदलल्या, प्लग उलटे करून पाहिले, खोकी भिंतीपासून लांब नेली. विहाराबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दाजींनी मीठ-कोळसा भरून बादलीभर पाणी ओतलं. घूं आपली जागच्या जागी.

आता यातला माझा पराक्रम. एका खोक्याला विहाराचं अर्थिंग होतं, म्हणून दुसऱ्याला मी हापशाच्या पाइपाचं वेगळं दिलं होतं. दोन अर्थिंग म्हणजे दुप्पट शांतता, असं माझं गणित. पुढं कळलं की दोन्हींच्या मधल्या वायरींतूनच ती घूं फिरत होती, आणि रस्ता तिला मीच बांधून दिला होता. अक्का हापशावर पाणी भरायला गेली, कळशीत माझी वायर अडकते म्हणून वैतागली आणि तिनं ती काढून फेकली. खोकी गप्प. दाराबाहेर कोंबडी माती उकरत होती, ते ऐकू आलं. वायर का सुटली हे बघून मी दोन्ही खोकी एकाच अर्थिंगला बांधली, तरी गप्पच. अक्का आत आली, माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, ‘चा टाकू का?’ आणि तिचा आवाज असा आला, जसा घरात येतो. मी हसायला लागलो.

दाजी हसले नाहीत. खोक्याला कान लावून म्हणाले, ‘आजून हाय.’

‘काय हाय?’

‘घूं. बारीक हाय, पर हाय.’

‘दाजी, गेली ती. बंद झाली.’

‘तुमाला कचेरीत बसून ऐकू याचं बंद झालंय, पावणं.’ असं म्हणून त्यांनी बटण खाली केलं. ऐकलं. मग एक प्लग काढला, मग दुसरा, आणि दोन्ही प्लग हातात धरून उभे राहिले. मान थोडी कलती करून… बराच वेळ. मग अक्काकडं बघून, काही नवल सांगावं तसं म्हणाले, ‘आगं, आजून हाय.’

अक्कानं एकदा त्या प्लगांकडं पाहिलं, एकदा त्यांच्या कानाकडं.

डॉक्टर म्हणाले, प्रेसच्या आवाजानं झालंय, गेलेलं परत येणार नाही. कारखान्यानं त्यांना प्रेसवरून काढून गोदामात टाकलं. पण ऐकणं कमी होत गेलं ते गेलंच. आधी हापशाची करकर गेली, मग पोरांची हाक, मग एसटीचा भोंगा. घूं तेवढी राहिली. मी एकदा विचारलं, ‘दाजी, सारखी असती का ओ?’ तर म्हणाले, ‘तुमची अक्का गाती तवा दबती.’ तेवढंच म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. नंतरच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते खोक्यांशेजारी बसायचे, लांबून भुवया उडवून मला विचारायचे: घुमतंय का? मी हात हलवायचो, न्हाई. मग ते मांडी घालून अक्काकडं तोंड करून बसायचे. शेवटच्या एक-दोन वर्षांत तर मला वाटतं ते तिच्या ओठांकडंच बघत असावेत.

गाताना अक्कानं आवाज कधी चढवला नाही. बोलताना मात्र चढवावा लागला. ‘जेवायला वाढलंय!’, ‘छत्री घ्या!’, ‘कडं-कडंनं जावा!’ नवं कुणी शेजारी राहायला आलं की त्यांना वाटायचं, या घरात रोज भांडण आहे.

परवा गेलो होतो. ती चुलीपाशी होती. मला बघताच ओरडली, ‘ये! बस! जेवून आलाईस का?’ घरात आम्ही दोघंच. मी हातभर अंतरावर. पाट सरकवत आणखी जोरात, ‘भाकरी टाकते! गरम हाय!’ मी म्हणालो, ‘अक्का, मला येतंय ऐकू.’ तिचा हात पिठात थांबला.

‘व्हय की,’ ती म्हणाली.

मग ती भाकरी थापत राहिली, थापता थापता काहीतरी बोलली. पण इतक्या हळू, की मला ते ऐकू आलं नाही; आणि परत विचारण्याचं धाडस मला झालं नाही.