पुठ्ठ्याचं चर्च
आकाशकंदिलासाठी शिजवलेल्या खळीचा वास आला, की मला परळच्या आमच्या खोलीत केलेलं पुठ्ठ्याचं चर्च आठवतं. आमच्या मिशनच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी इंग्लंडमधल्या सातशे वर्षांपूर्वीच्या एका गावचर्चची प्रतिकृती करायची होती. टोकदार कमानी, चौकोनी मनोरा, खिडक्यांना कंदिलाचाच जिलेटिन कागद. सगळं मीच केलं होतं, आणि पाहुण्यांना माहितीही मीच सांगणार होते. त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात बाबांना अटक झाली. मिस हळूच म्हणाल्या, "इंग्लंडचे पाद्री येणार आहेत. त्यांनी वडिलांचं विचारलं तर? तू आपली दाराशी उभी राहा." माहिती दुसऱ्या मुलीने सांगितली. पाद्र्यांनी तिला विचारलं, "बाप्तिस्म्याचं कुंड वेदीपासून इतकं लांब, दाराजवळ का?" ती गडबडली. मिस माझ्याकडे वळल्या, "सांग ना, तुला येतंय!" येत होतंच. बाप्तिस्मा घेऊन जो अजून आपल्यातला झालेला नाही, त्याला दाराशीच थांबवतात, म्हणून. मी म्हटलं, "नाही मिस, मला नाही माहीत." सुटून आल्यावर बाबांनी विचारलं, "साहेबाला सगळं सांगितलंस ना?" तेव्हा मी नुसती होकाराची मान हलवली. ते अजून चाळीत सांगतात, "आमच्या पोरीने साहेबाला त्याचंच चर्च समजावून दिलं!" तेव्हा मी उठून आत जाते.